बेताचा वारा

आमच्या टेंभुर्णीत सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नसेल, आणि माझी लेक शीतल भर आषाढात जहाजावरून अरबी समुद्रात गेली. समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं हिरवं प्लवक वाढतं, त्यावर मासे जगतात. ते कशानं वाढतं, हे ती शिकते. पावसाळी वाऱ्यानं समुद्र ढवळतो, खोलातलं खत वर येतं आणि मग प्लवक फोफावतं, असं तिनं मला समजावलं होतं. मला लगेच पटलं. नांगरल्याशिवाय खालची माती वर येते कुठं?

तिच्या आईनं, उषाबाईनं, यातला फक्त वारा धरून ठेवला. जहाज निघालं त्याच सकाळी तिनं देव्हाऱ्यातले देव पितळी पातेल्यात पाण्यात बुडवले. समुद्रावरचा वारा पडू दे, लेक परत येईपर्यंत बाहेर काढणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, बाळकृष्णाला सर्दी होईल. 

आणि वारा खरंच पडला. जहाजावरून शीतलचा फोन आला तो रडवेला. समुद्र निपचित पडला होता, खालचं पाणी वर येत नव्हतं, बाटल्यांत नुसतं निळं पाणी भरत होतं. जहाज थोडेच दिवस थांबणार. असंच परतलं तर सगळी मेहनत वाया. उषाबाईचा चेहरा उतरला.

"वारा सुटल्यावर भेव वाटन न्हाई का तुला?" तिनं विचारलं.

"वाटन की. पर मला तोच पायजे, माय."

फोन ठेवल्यावर तिनं देव बाहेर काढले, पुसले. मला वाटलं, सुटले बिचारे. पण तिनं पातेल्यातलं पाणी बदललं आणि एकेक देव पुन्हा आत ठेवला.

"आता काय मागून राह्यली?"

"वारा," ती म्हणाली. "पर बेताचा. लेकीचं काम व्हईल एवढाच."

दोन दिवसांनी टीव्हीवर सांगितलं, समुद्र खवळणार, मच्छीमारांनी जाऊ नये. उषाबाईनं पदर डोळ्यांना लावला. तिला आनंद झाला होता की भीती वाटत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं.  आयुष्यभर हिच्या देवांची टिंगल करणारा मी, पातेल्यात डोकावलो. पाणी जरा कमी झालं होतं, देवांची डोकी उघडी पडली होती. ती बघत नाही असं पाहून मी वरून तांब्याभर पाणी ओतलं.