पाच तोंडांचा पुठ्ठा

मी म्हणजे हातभर लांबीचा एक पुठ्ठा, मित्रांनो. कोपरे झडलेले, अंगावर चहाचे डाग. सदर भागातल्या विणकरांच्या संस्थेत कपाटावर बारा वर्षं पडून आहे. ऐकायचं असेल तर सांगतो. मलाही आता फार बोलवत नाही.

माझा जन्म १९७५ सालचा. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं माझ्यावर ओळीनं पाच तोंडं काढली. पहिलं खदखदून हसणारं, दुसरं हसरं, तिसरं मख्ख, चौथं नाराज, पाचवं रडवेलं. बायकांना नवं पातळ दाखवायचं आणि किती आवडलं त्या तोंडावर बोट ठेवायला सांगायचं. वजनाला काटा, लांबीला गज, तसा मनातल्या आवडीला मी. काय रुबाब होता माझा!

मला घेऊन फिरायच्या कुसुमताई, संस्थेत पाहणीचं काम करणाऱ्या. सरळ मनाच्या बाई. उमरेडच्या नत्थूजींनी चार बोटं रुंद काठाचा नवा नमुना विणला होता. तो बायकांना आवडला तर चारशे पातळांचं काम मिळणार, माग चालू राहणार. नाहीतर कोराडीच्या वीजकेंद्रावर मेहुण्यानं महिनाभर राखून ठेवलेली मजुराची जागा होतीच. म्हणजे नत्थूजींचा माग माझ्या भरवशावर होता.

कुसुमताई कोराडीच्या वसाहतीत निघाल्या, तर नत्थूजी गठ्ठा घेऊन हजर.

"तुम्ही काहून येता उन्हाचे?"

"पहिली घडी विणणाऱ्यानंच मोडा लागते ताई. आमच्या घरची रीत आहे."

कुसुमताई बरं म्हणाल्या, आणि तिथंच माशी शिंकली.

घरोघरी तेच. नत्थूजी उंबऱ्याशी बसून घडी मोडायचे. बायका काठ चाचपायच्या, मग नत्थूजींची घट्टे पडलेली बोटं पाहायच्या, आणि झटकन पहिल्या तोंडावर बोट ठेवायच्या. चाळीस घरं, चाळीस बोटं, सगळी तिथंच. बाकीच्या चार तोंडांना कोणी शिवलंही नाही.

शेवटच्या घरी चहाच्या गडबडीत कुसुमताई मला ओट्यावर विसरल्या. त्यांची पाठ वळताच घरच्या पार्वतीबाई शेजारणीला म्हणाल्या, "काठ लय जड आहे वं. उन्हाळ्यात कोण नेसन? पण तो भाऊ समोर बसला होता, त्याले कसं सांगू?"

मला तोंडं पाच, पण बोलता एकानंही येत नाही. कुसुमताई मला न्यायला परत आल्या, तरी सांगता आलं नाही. अजून जिवाला लागून राहिलंय.

चाळीसपैकी चाळीस पाहून संस्थेच्या साहेबांना शंका आली. त्यांनी कुसुमताईंना आठ दिवसांनी पुन्हा त्याच घरी पाठवलं. पुन्हा नत्थूजी सोबत, पुन्हा तीच बोटं. "दोनदा तेच आलं, म्हणजे माप पक्कं," साहेब म्हणाले. अहो, कसलं पक्कं! पावभर कमी दाखवणारा काटा रोज पावभरच कमी दाखवतो, म्हणून तो खरा होतो का?

नत्थूजींनी मेहुण्याला जागा नको म्हणून कळवलं. चारशे पातळं विणली. दुकानात मात्र उंबऱ्याशी कोणी विणकर बसलेला नव्हता. बायकांनी काठ उचलून पाहिला आणि पातळ बाजूला सारलं. साडेतीनशे परत आली.

हिशेब मिटवायला नत्थूजी आले, तेव्हा बायको रुख्माबाई सोबत होत्या. अंगावर तेच पातळ. मी टेबलावर होतो. कुसुमताईंची मान वर होईना.

"तू ठेव वं बोट," नत्थूजी कसंनुसं हसत म्हणाले.

रुख्माबाईंनी सरळ चौथ्या तोंडावर बोट ठेवलं. "कंबर भरून येते याच्यानं. धुतलं का पिळता येत नाही."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"मले कोणी विचारलं?"

नत्थूजींचा माग विकला गेला. मेहुण्याची जागाही तोवर दुसऱ्याला गेली होती. मिळेल त्या दिवशी ते कोराडीला राखेच्या गाड्या भरायला जातात, असं ऐकलं.

मित्रांनो, मला पुसा किंवा रद्दीत घाला, माझं म्हातारपण असंच जायचं. पण कोणाची आवड विचाराल, तेव्हा घाम गाळणाऱ्याला जरा बाहेर, कडुनिंबाखाली बसवा. आणि सुरुवात घरातल्या माणसापासून करा.

माझं पहिलं तोंड ऐंशी बोटांनी पुसून गेलंय, हसतंय की नाही तेही कळत नाही. चौथ्यावर एकच ठसा आहे, काठाच्याच रंगाचा. सूत रंगवायच्या त्या रुख्माबाई.