सासूबाईंना वळसा

खडकांना सासरच्या माणसांची नावं द्यावीत असं कप्तानाच्या मनात मुळीच नव्हतं. ती वेळ त्याच्यावर पर्यटकांनी आणली.

कप्तान तो नावालाच. त्याच्याकडे जहाज नव्हतं, चौदा कयाक होत्या. लांबट, निमुळत्या, एकट्या-दुकट्याच्या, पाय पसरून बसायचं आणि वल्हं मारत सुटायचं. हे टोपणनाव मेव्हण्यानं कुचेष्टेनं चिकटवलेलं, आणि आता बायकोही भांडण नसलं की त्याच नावानं हाक मारायची. धक्क्यापासून उत्तरेला सात किलोमीटर नुसते उभे कडे, ना रस्ता ना घर. तिथं तो रोज सकाळी सहा-आठ लोकांना घेऊन जायचा, गुहा दाखवायचा, एखाद्या पुळणीवर उतरवून चहा पाजायचा आणि शक्यतो तेवढ्याच लोकांना परत आणायचा.

पहिल्या हंगामात जो तो विचारी, "याला काय म्हणतात?" नकाशात खडकांना नुसते आकडे होते. 'खडक क्रमांक एकोणीस' म्हटलं की लोकांचा चेहरा पडायचा, जणू नाव यानंच घरी विसरलंय. त्या वर्षी तो सासऱ्यांच्या माडीवर राहत होता आणि डोक्यात चोवीस तास सासरचीच माणसं. एके दिवशी तोंडातून निघून गेलं, "हे मेव्हण्याचं पोट." खडक होताही तसाच, गोल, पुढं आलेला आणि लाट आत शिरली की गुरगुरणारा. लोक खूश. मग थोरल्या मेव्हणीचं दार आलं: ओहोटीला दोन तास उघडणारी कमान, तीही कुणी यायच्या वेळी नाही.

सगळ्यात शेवटी सासूबाई. एका छोट्या आखाताच्या तोंडावर मधोमध उभा काळा सुळका. बुडाशी ऐसपैस, मानेशी बारीक आणि डोक्यावर पाणकावळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवलेलं पांढरंशुभ्र. "आत जायचं तर यांना वळसा घालावाच लागतो," कप्तान वल्हं आडवं धरून सांगायचा. "डावीकडून जा नाहीतर उजवीकडून, चुकलंच म्हणून समजा." इथं हमखास हशा. काही लोक दुसऱ्यांदा यायचे ते या एका वाक्यासाठी.

खऱ्या सासूबाईंना यातलं अक्षर माहीत नव्हतं. त्यांनी एकतीस वर्षं मोटार शिकवायची शाळा चालवली होती. गावातले निम्मे चालक त्यांच्या हाताखालचे. त्यांतले कित्येक अजून वळणावर शेजारच्या सीटकडे बघतात, बाई बसल्यात की काय म्हणून. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता बस्स म्हटलं, शाळा भाच्याकडे गेली आणि बाई लेकीकडे राहायला आल्या. आठवड्याभरात स्वयंपाकघरातला एक डबा जागेवर राहिला नाही.

"हिला एक दिवस घेऊन जा," बायको तोंडातला ब्रश न काढता म्हणाली.

"समुद्रात?"

"नाहीतर या घरात कुणाचा तरी जीव जाईल. तिचा की माझा, ते अजून ठरलं नाहीये."

कप्तानानं मनात हिशोब केला. सुळक्याच्या अलीकडेच गुहेपाशी चहा उरकायचा, वाऱ्याचं कारण सांगून मागं फिरायचं. कोणाला काय कळतंय!

सासूबाई सकाळी साडेसहाला धक्क्यावर हजर, हातांत गाडी चालवायचे कातडी मोजे. शेडमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून पाहिले आणि दोन बाजूला काढली. त्यांचं बरोबर होतं, याचा कप्तानाला जास्त राग आला. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला जे रबरी झाकण बांधतात त्याला तो परकर म्हणायचा. "परकर माझा मी बांधीन," असं म्हणून त्या त्याच्या दोघांच्या कयाकीत पुढच्या जागेवर बसल्या.

गटात विमा कंपनीतली चौघं होती, आणि एक दाताचा डॉक्टर व त्याची बायको. डॉक्टर गेल्या वर्षीही येऊन गेला होता. कप्तानानं त्याला सासूबाईंपासून सगळ्यात लांबची कयाक दिली.

पहिला तासभर सासूबाईंनी सगळ्यांचं वल्हवणं सुधारलं. "तुम्ही, पिवळे! डावीकडे का झुकताय? आणि तुम्ही त्यांच्या इतक्या मागं चिकटू नका, त्यांनी थांबायचं ठरवलं तर?" लाट आली की त्यांचा उजवा पाय आत कशावर तरी जोरात आपटायचा. विमावाल्यांना वाटलं, या मोठ्या गाईड आणि मागं बसलाय तो मदतनीस.

गुहेपाशी कप्तान म्हणाला, "वारा वाढतोय. आज इथूनच फिरू."

"छे छे!" डॉक्टर ओरडला. "कुठाय वारा? सासूबाई बघायच्यात! हिला मी त्याच्यासाठी तर आणलंय."

"कोणाच्या सासूबाई?" पुढून आवाज आला.

"खडक आहे हो एक," डॉक्टर म्हणाला, आणि त्यानं मेव्हण्याच्या पोटापासून सगळं भाषण म्हणून दाखवलं. बूड, मान, डोक्यावरचं पांढरं, डावी-उजवी, काहीही न गाळता. वर कप्तानाचा आवाजही काढला. विमावाले खदखदून हसले. कप्तानाला सासूबाईंचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती फक्त टोपी आणि मान. मान हलली नाही.

"चला," त्या म्हणाल्या. "बघूच."

त्या अर्ध्या किलोमीटरात कप्तानाला आठवलं नाही असं एकही पाप नव्हतं. सुळका समोर आला. सासूबाईंनी वल्हं आडवं ठेवलं आणि खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ते पांढरं काय आहे?"

"पक्ष्यांची शीट."

"रोज करतात?"

"हो."

"हं."

तेवढ्यात डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी जरा सासूबाईंच्या मागं जाऊन येतो. सकाळची कॉफी." त्याच्या बायकोनं डोळे मिटले. कप्तान "अहो थांबा, पुळणीवर उतरून," म्हणेपर्यंत तो गेलासुद्धा. कयाकीत बसल्या बसल्या ती गोष्ट करायची म्हणजे परकर सोडायचा, एका हातानं वल्हं धरायचं, दुसऱ्यानं बाकीचं, आणि वर तोल. डॉक्टरनं यातलं बाकीचं तेवढं केलं.

आधी शिवी ऐकू आली, मग धप्पकन आवाज.

ते वळसा घालून पोचले तेव्हा कयाक उलटी, वल्हं एकीकडे, आणि डॉक्टर जॅकेटच्या जोरावर बुचासारखा तरंगत, तोंडानं 'गार, गार' म्हणत. कप्तानानं त्याची कयाक सुलटी केली, पाणी काढलं, आपल्या कयाकीला आडवी लावली. आता एकानं ती घट्ट धरायला हवी होती.

"आई, दोन्ही हातांनी धरा! काही झालं तरी सोडू नका!"

सासूबाई तिच्यावर ओणव्या झाल्या आणि कातडी मोज्यांची पकड बसली. मग त्यांनी तो आवाज काढला, ज्यानं एकतीस वर्षं चौकातल्या गाड्या हलवल्या होत्या. "पाय मागं! मारा पाय! माझ्याकडे नको, पुढं बघा! आता पोटावर. घाबरायचं नाही, मी आहे ना इथं!"

डॉक्टर हुंदका द्यावा तसा वर आला, पोटावर आडवा. विजार गुडघ्यांशी अडकलेली. इतकं गोरं त्या किनाऱ्यावर पाणकावळ्यांनीही काही पाहिलं नव्हतं. त्यानं लाजून एक हात मागं नेला आणि कयाक पुन्हा डगमगली.

"विजार नंतर!" सासूबाई कडाडल्या. "आधी तोल!"

पुळणीवर त्याला ताडपत्रीत गुंडाळून चहा दिला. दात वाजत असतानाही त्याच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं.

"ते... तुम्हाला आई म्हणाले. तुम्ही यांच्या आई?"

"सासू," त्या म्हणाल्या.

डॉक्टरनं सुळक्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि चहाच्या कपात तोंड घातलं. त्याची बायको मात्र हसायला लागली ती उचकी लागेपर्यंत हसली.

सासूबाई उठून मागं कड्यापाशी गेल्या. तिथं दगडांतून पाण्याची बारीकशी धार उतरते. सुळक्याच्या आड असल्यामुळं समुद्रातून दिसत नाही. कप्तान बाटली भरायच्या निमित्तानं मागोमाग गेला.

"आई, मी..."

"सगळ्यांना जागा दिलीत. यांना कुठं ठेवलंय?"

सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती. कप्तानानं धारेकडे बोट केलं. "हीच. लोकांना सांगत नाही मी."

सासूबाईंनी कान दिला. पाणी दगडांच्या फटीत पुटपुटत होतं.

"हो. असंच बोलायचे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत एक वाक्य धड ऐकू आलं नाही मला. तुम्हाला ऐकू यायचं?"

"कधीतरी. माडीवर यायचे ना, तुमची शिकवणी चालू असताना."

"काय म्हणायचे?"

खोटं बोलायची सोय होती, पण कप्तानाचं त्या दिवशीचं खोटं संपलं होतं. "म्हणायचे, तिच्याशी वाद घालू नकोस. ती बरोबरच असते, हीच तर पंचाईत आहे."

सासूबाईंनी मोजे काढले, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं. बराच वेळ चेहरा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "बूड ऐसपैस नाही म्हणायचं. भक्कम म्हणायचं. आणि ते डावं-उजवं बंद. उजवीकडून पाणी उथळ आहे, मी पाहिलंय. डावीकडूनच न्यायचं."

उजवीकडून खरंच उथळ होतं.

पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या, आणि त्याच्या पुढच्याही. हंगाम संपता संपता त्यांनी जाहीर केलं की गाईडची परीक्षा द्यायची, मागच्या गटावर लक्ष ठेवायला एक जबाबदार माणूस हवंच आहे. बायकोनं डबे परत जागेवर लावले आणि नवऱ्याचा मुका घेतला.

पहिल्या खेपेला सासूबाई नापास झाल्या. परीक्षेत कयाक मुद्दाम उलटी करून बाहेर यावं लागतं, आणि त्यांनी साफ नकार दिला. "पलटी कशी होऊ नये ते शिकवण्यात माझा जन्म गेला," त्यांनी परीक्षकाला सुनावलं. घरी दोन दिवस डबे पुन्हा इकडचे तिकडे झाले. ज्यांनी नापास होऊन आलेल्या शेकडो लोकांना झापलं, त्यांना हा प्रकार किती वाईट लागतो ते आत्ता कळत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी जावयाच्या खोलीचं दार वाजवलं. "चला. कोणी नसेल तिथं."

धक्क्यामागं छातीभर पाण्यात कप्तान त्यांची कयाक धरून उभा राहिला. "उलटं झालात की आधी तळावर तीनदा थापा मारायच्या, घाई नाही हे दाखवायला. मग परकराची पट्टी ओढायची. मी इथंच आहे."

"तुम्ही आहात हीच काळजी आहे."

तीनदा 'आता' म्हणून त्या गेल्या नाहीत. चौथ्यांदा काही न बोलता गेल्या. टोपी तेवढी वर तरंगत राहिली. एक थाप. दुसरी. तिसरी, चांगली दणदणीत. मग खाली काहीच नाही, आणि तो हात घालणार तोच सासूबाई शेजारी उसळून वर आल्या, केस तोंडावर, नाकातून पाणी, खोकत, त्याच्या खांद्याला लोंबकळत.

"किती वेळ होते?"

"पाच सेकंद."

"खाली फार शांत आहे हो," त्या म्हणाल्या, आणि नाक शिंकरून पुन्हा कयाक सुलटी करायला लागल्या.