माझ्या पाठीवरचा चीन

मित्रांनो, आधी मला पालथा करा. माझ्या तोंडाकडे बघत बसू नका. तिथं आहे काय? एक विटलेलं वर्तुळ, चार बाण आणि मधोमध गेलेली भेग. असले म्हातारे कॅरम बोर्ड भिंगारमध्ये पोत्यानं सापडतील. माझी पाठ बघा. तिथं डोंगर आहेत, नदी आहे, राजाची छावणी आहे, वाटेवरची खाणावळ आहे. माझ्या पाठीवर अख्खा चीन आहे. तो कोणी केला असं विचाराल, तर आजही लोक सांगतील, गहिनीनाथनं. साफ खोटं! म्हणून तर तोंड उघडलं मी.

माझा जन्म नगरच्या एका सुताराकडचा. बाभळीची चौकट, वर गुळगुळीत प्लायवूड. भिंगारच्या तरुण मंडळानं मला आणलं तेव्हा काय माझा थाट! रोज बोरिक पावडर, रोज फडकं. "सोंगटी कशी पळती बघ लोण्यावानी," असं पोरं म्हणायची आणि मी फुगायचो. मग एकदा तालमीतला गोरक्ष राणी घ्यायच्या नादात कोपरावर सगळा भार देऊन वाकला आणि मी मधोमध चिरलो. झालं. मंडळानं नवा बोर्ड घेतला. गहिनीनाथ पाट्या रंगवायचा, तो काहीतरी लिंपालांबी करील म्हणून मला त्याच्या ओसरीवर टाकलं. त्यानं काही केलं नाही. त्याच्या आईनं, कडूबाईनं, माझ्यावर कुरडया वाळत घातल्या. ज्याच्या अंगावर राणी नाचली त्याच्या अंगावर कुरडया! पण तक्रार कुणाकडे करणार?

बाहत्तरचा दुष्काळ सरून दुसरं वर्ष लागलं होतं. भिंगारच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला आणि त्यात एक चिनी मारामारीचा सिनेमा लागला. बायकांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवत. गहिनीनाथची धाकटी बहीण पुष्पावती तिथं बसून आली. भाषा कुणालाच कळली नव्हती. पुढून बघणारे बाप्ये नुसते हात उडवत घरी आले. पुष्पावती मात्र सगळी गोष्ट सांगत आली. कोण कुणाचा शिष्य, गुरूला विष कुणी दिलं, तो म्हातारा भिकारी कशाला हसत होता, सगळं! पडद्यामागून बघितल्यामुळे तिचे सगळे वीर डावखुरे होते, एवढाच काय तो फरक.

"चिन्यांचं कवतिक नको माझ्या घरात," कडूबाई कडाडली. बासष्टची लढाई लष्कराच्या गावात कोण विसरणार?

"अगं आई, हे बिचारे त्यांच्याच राजाच्या जुलमाला कावलेले हायेत," पुष्पावती म्हणाली आणि कुरडया गोळा करून तिनं मला पालथा केला.

भावाच्या डब्यांत उरलेला रंग तिनं घेतला. माझ्या पाठीवरच्या आडव्या पट्टीची तिनं डोंगराची रांग केली. सोंगट्या पडायच्या चार भोकांच्या चार दऱ्या केल्या. निळा रंग थोडाच होता, म्हणून नदी अर्ध्यातून गेरूनं वाहवली आणि सांगितलं, वर पाऊस झालाय, पाणी गढूळ आहे. माझी आयुष्यभर पाठ दुर्लक्षित राहिलेली, मित्रांनो. त्या दिवशी पहिल्यांदा मला पाठ आहे याचा आनंद झाला.

मग खेळ बसवायला घेतला. त्यात सोंगट्या नव्हत्या, कुणी जिंकत नव्हतं. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी एकेक वीर व्हायचं. पुष्पावती सांगे, "समोर पूल हाय, पुलावर राजाचे शिपाई. काय करता?" आणि वीरांनी काय करतो ते बोलायचं. पहिल्या रविवारी गहिनीनाथ आणि गोरक्ष बसले. गोरक्षचं एकच, "मी त्याला उचलून आपटला!" दुसरा शिपाई, तोही आपटला. राजा, तोही आपटला. दुपार कलायच्या आत चीन संपला.

पुष्पावती विचारात पडली. पुढच्या रविवारी तिनं कवड्या आणल्या. घाव कसा घालणार ते आधी सांगायचं, मग कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तेवढा घाव लागेल. तरी गोरक्ष थकेना. मग आले चिंचोके. चिंचोका म्हणजे दम. प्रत्येक घावाला एक द्यायचा, संपले की बसायचं. आणि शेवटी तिला सुचला नेम. प्रत्येक वीरानं गुरूपुढं एक नेम धरायचा. मोडला, तर हातातले सगळे चिंचोके परत.

गोरक्षनं नेम धरला, "भुकेल्याला सोडून जेवणार न्हाई." सोपाच की, त्याला वाटलं. पुष्पावतीनं त्याला दिवसभर डोंगर चढवून खाणावळीत आणलं. भात, मासे, वाफा निघतायत. "दारात एक म्हातारी बसलीय," ती हळूच म्हणाली आणि पुढं खाणावळीचं वर्णन करत राहिली.

"मी जेवाया बसलो," गोरक्ष म्हणाला.

पुष्पावतीनं हात पुढं केला. "चिंचोके."

"कशाचे? आँ? म्हातारी काय बोलली का मला?"

"भुकेलेलं मानूस दर वेळी बोलतं व्हय, गोरक्षभाऊ?"

तो पैलवान गडी लाल होऊन उठून गेला. मला वाटलं, संपला खेळ. पण पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी तो ओसरीवर हजर. "आधी त्या म्हातारीला वाढा," म्हणाला, "मग बाकीचं." काय सांगू मित्रांनो, त्या घडीला माझ्या फुटक्या छातीतही काहीतरी हललं.

बातमी पसरली. मंडळाची पोरं गोळा होऊ लागली, ओसरी भरू लागली. आणि तिथंच माशी शिंकली.

"लगीन ठरायच्या पोरीनं बाप्यांच्या घोळक्यात कवड्या फेकायच्या?" कडूबाई म्हणाली. "लोकं श्यान घालतील माझ्या तोंडात."

पुष्पावती दाराआड गेली. पहिले काही रविवार ती दाराआडूनच सांगायची. मग कुणीतरी हसलं, म्हणून तेही बंद. आता गहिनीनाथ सांगू लागला. त्याचं अडलं की तो तांब्या घेऊन उठायचा, "पानी पिऊन आलो," आणि आत जाऊन विचारायचा, "पुष्पे, पुलाखाली कोन लपलाय?" बाहेर येऊन तेच भारदस्त आवाजात सांगायचा. पोरं म्हणायची, "गहिन्या, डोकं हाय का काय हाय तुला!" आणि तो? तो मिशीतल्या मिशीत हसायचा. एकदाही, एकदाही म्हणाला नाही की बाबांनो, हे डोकं चुलीपाशी भाकरी थापतंय. मला तेव्हा वाचा असती तर चांगला फैलावर घेतला असता त्याला.

लग्न ठरलं. सोयरे नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचे, भाताची शेती असलेले. रुखवताची तयारी सुरू झाली. रुखवत म्हणजे नवरीच्या हातचं काम पाहुण्यांसमोर मांडायचं. लग्न झालं की ते सगळं तिच्याबरोबर सासरी जातं. पुष्पावतीच्या हाताला विणकाम कधी जमलंच नाही. कडूबाईनं मावसबहिणीकडून मण्यांचे पोपट आणले, शेजारणीकडून रुमाल आणले.

"आई, माझ्या हातचं एकच हाय," पुष्पावती म्हणाली. "ते मांड."

"फुटका कॅरम बोर्ड? रुखवतात? अगं, दात काढतील समदे!"

मांडायच्या वेळी पुष्पावतीनं स्वतः मला चार विटांवर ठेवलं, वर साडी अंथरली आणि साडीवर ते परके पोपट मांडले. तिचा हिशेब सरळ होता. रुखवतात आलेली वस्तू मागं राहत नाही. रीतच तशी. मी साडीखालून ऐकत होतो. पाहुण्या बायका एकेक रुमाल उचलून बघत होत्या, "पोरीच्या हातात कला हाय बरं का." हाय ना! तुमच्या बोटांखाली वीतभर अंतरावर हाय. साडी उचला की!

कुणी उचलली नाही.

संध्याकाळी ट्रक भरायला घेतला. पोपट गेले, लाडवांच्या पाट्या गेल्या. साडी काढली आणि गहिनीनाथनं मला बघितलं. त्याचं तोंड उतरलं. त्यानं मला काखेत मारलं आणि घराकडं वळला.

"दादा," पुष्पावती सगळ्यांदेखत म्हणाली, "तो माझा हाय."

शालूतली नवरी अशी बोलल्यावर सगळे थांबले. तिचे सासरे आबासाहेब जवळ आले. "काय हाय ते?" त्यांनी साधं विचारलं. माणूस वाईट नव्हता. खरं सांगितलं असतं तर ट्रकमध्ये जागाही होती.

गहिनीनाथभोवती मंडळाची सगळी पोरं उभी होती. तो हसला. "काही न्हाई मामा, मंडळाचा बोर्ड हाय. टेकू म्हनून घेतला हुता. आमची पुष्पी कॅरम खेळनार वाटतं सासरी!"

लोक हसले. पुष्पावतीनं गोरक्षकडं बघितलं. म्हातारीला आधी वाढणारा तो गोरक्ष. तो ट्रकचा दोर आवळत राहिला, आधीच आवळलेला दोर. मग ती ट्रकवर चढली.

पुढच्या रविवारी पोरं जमली. गहिनीनाथनं पुलापर्यंत आणलं आणि त्याचं अडलं. तो तांब्या घेऊन आत गेला. चुलीपाशी कडूबाई एकटी होती. तो नुसतं पाणी घेऊन परत आला. दोन-तीन रविवार भांडणं झाली, मग लोक यायचे थांबले.

दिवाळीला पुष्पावती माहेरी आली. गहिनीनाथनं मला पुसून ओसरीवर मांडलं, गोरक्षला बोलावलं. "पुष्पे, तू हितं बस, सगळ्यांच्यात बस. आई काही म्हननार न्हाई. पुलाखाली कोन हाय, सांग."

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. डोंगराच्या रांगेवरून तिनं एकदा बोट फिरवलं.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "तुझा खेळ हाय ना, दादा? तूच सांग." आणि आत जाऊन तिनं भाकरी थापायला घेतली.

त्यानंतर मला पुन्हा कुणी खेळायला मांडलं नाही. एकदा सगळे शेतावर गेले असताना गहिनीनाथ मला पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "पुष्पीनं केलंय हे सगळं." रिकाम्या घरात म्हणाला तो, लाकडाला!

मित्रांनो, वस्तू पुसून ठेवा, वाळवी लागू देऊ नका, हे सांगायला दुसरे कुणी भेटतील. मी एवढंच मागतो. ज्याच्या हातचं काम असेल त्याचं नाव चारचौघांत घ्या, आणि ते माणूस ट्रकवर चढायच्या आत घ्या.