शून्याची तपासणी

फडक्याची तिसरी गाठ काही सुटेना. दोन गाठींत बरणी पुरेशी बांधली गेली असती, पण आईला एक जास्तीची मारल्याशिवाय चैन पडत नाही... तिसगावहून जीपवाल्याच्या हाती आलेलं लिंबाचं लोणचं, काचेवर तेलाचा ओघळ. धनश्रीनं बरणी कीबोर्डच्या पलीकडे सरकवली, बोटं ओढणीला पुसली. विमा कंपनीच्या मेनफ्रेमवर, त्या अवाढव्य संगणकावर, आज वारसांच्या नोंदींचा नवा प्रोग्रॅम चालू व्हायचा होता, आणि तो तपासून तिनं अजून होकार दिला नव्हता.

देणारही नव्हती. पुण्यात बसणारा तिचा वरिष्ठ, राधाकृष्ण, सकाळपासून फोनवर गोड बोलून पाहत होता. बोल बाबा, बोल, धनश्री मनात म्हणाली. असेंब्लर, ही यंत्राची खास भाषा, लिहिता लिहिता केस पिकले माझे. भिंगारच्या या खोलीत बसून मला त्या यंत्राच्या पोटातलं दिसतं.

दिसत होतंच. वारसाचं नाव किती अक्षरांचं, हे आधी कुणाला ठाऊक? म्हणून अक्षरं उचलायची आज्ञा अर्धवट लिहून बाजूला ठेवायची. ऐन वेळी आकडा कळला की तो तिच्यात भरायचा, तेवढ्यापुरती ती चालवायची आणि परत आपल्या वाटेला लागायचं. फक्त आकडा एकानं कमी सांगायचा, कारण यंत्र आपल्या मनानं एक वाढवतं. नव्या पोरांना हे पटवताना घाम फुटतो. धनश्रीला पहिल्याच दिवशी हसू आलं होतं — चुलीपुढची आई! दोन भाकरी हव्या असतील तर एकच मागायची, आई एक जास्तीची वाढणारच, हे त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही कळायचं.

आणि नाव रिकामंच असेल तर? शून्यातून एक वजा केला की यंत्राला उणं कळत नाही, त्याला तिथं सगळ्यात मोठा आकडा दिसतो. मग ते ढीगभर नको तो मजकूर उचलून शेजारच्या नोंदीवर ओततं. म्हणून आधी शून्य तपासायचं. ती तपासणीच कुणीतरी काढून टाकली होती.

"शून्य म्हणजे काहीच नाही, मॅडम," राधाकृष्ण म्हणाला. "त्यानं काय बिघडतंय?"

"त्यानंच बिघडतं. तपासणी परत घाला, मग मी हो म्हणते."

शेवटी तो बरं म्हणाला. आहे का कुणाची टाप! धनश्री खुर्चीत रेलून स्वतःशीच हसली, तेवढ्यात आईचा फोन आला. बरणी पोचली का, फुटली तर नाही? धनश्रीनं नेहमीसारखं विचारलं, तुला काय पाठवू?

"मला काय नको, बाई. माझं लई झ्याक चाललंय."

मागच्या हिवाळ्यात वडील, अण्णा, गेले, तेव्हापासून दर फोनला हेच. ते ऐकलं की धनश्री निर्धास्त व्हायची, तिसगावला जाणं पुढं ढकलायची. आत्ताही 'बरं मग, दिवाळीला येते' ओठांवर आलेलंच होतं... आणि तिथंच अडलं. लहानपणी रुसून मला काही नको म्हटलं, की आई एक शब्द न विचारता भाकरीची अख्खी दुरडी पुढ्यात ठेवायची. माझं 'काही नको' तिनं एकदाही खरं धरलं नाही. आणि मी? वर्ष होत आलं... मी तिचं दर वेळी खरं धरत आले.

"हायेस का गं, धने?"

"आहे," ती म्हणाली. हात बरणीवर, त्या तिसऱ्या गाठीवर. आणि दिवाळीचं ते तयार वाक्य तिनं आज पहिल्यांदाच गिळलं.