तुळईचे अपुरे राहिलेले गणित

मित्रांनो, केडगावजवळच्या एका तंत्रनिकेतनाच्या भिंतीवरचा मी जुना फळा आहे. कर्मशाळेतील सोपानरावांनी मला सागवानी चौकटीत बसवले आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. "ह्याच्यावर खडू लोण्यावानी पळतो," असे ते अभिमानाने सांगत. पुढे प्रोजेक्टरचा पडदा आला, माझ्या कडांना वाळवी लागली आणि मला कोणी विचारीनासे झाले.

अपवाद तेजश्रीमॅडमचा. पीएच.डी. करीत त्या येथे तासिका तत्त्वावर शिकवीत. संशोधन कसे करावे हे त्यांना पुष्कळांनी सांगितले होते. शिकवावे कसे, हे कोणीच नाही. माझ्याकडे तोंड करून त्या तुळईचे गणित झरझर सोडवीत आणि तशाच विचारीत, "कळलं का?" मुले एका सुरात म्हणत, "हो मॅऽडम!" मुलांचे गोंधळलेले चेहरे मला दिसत, मॅडमना नाही. चाचणीत जवळजवळ सारा वर्ग नापास झाला.

सोपानराव खवळले. "मॅडम, फळ्याला इंजिनेर करताय व्हय? त्याला समदं येतंय. पोरांकडं बघा की!"

"मामा, सोमवारी नमुना पाठ आहे. कायम नोकरीची जागा एकच. दोनदा नाकारलंय मला. आता घरचे लग्नासाठी थांबायचे नाहीत." बोलता बोलता त्यांच्या बोटांत खडू मोडला.

सोमवारी निवड समिती मागच्या बाकावर बसली. पाठ वीस मिनिटांचा. बाराव्या मिनिटाला गणित सुटले.

"कळलं का?"

"हो मॅऽडम!"

या वेळी मॅडम वळल्या. "सायली, ये, तू सोडव."

सायली जागीच उभी राहिली. "न्हाई कळलं, मॅडम. कवाच न्हाई कळलं."

समितीतील एकाने घड्याळ पाहिले. मॅडमनी सगळे गणित पुसून टाकले. लाकडी पट्टीची टोके दोन बाकांवर टेकवली आणि मधोमध दाबली. "कुठं मोडेल?"

"मधी!"

"का पण?"

मुले आपसांत वाद घालू लागली. सायलीने आपणहून खडू घेतला, आकृती काढली, अर्ध्यापर्यंत आली आणि घंटा झाली.

"पाठ अपूर्ण," एवढेच बोलून समिती उठली. मॅडम माझ्या चौकटीला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभ्या होत्या. महिन्याभराने त्या जागेवर दुसरे सर आले.

मित्रांनो, माझ्या वाळवीचे काय ते होवो. मॅडमनी वळून पाहायला उशीर केला, हे खरे. पण समजले नसताना तुम्हीही होकार देऊ नका. शिकवायला शिकणाऱ्या माणसाला त्याहून मोठी फसवणूक नाही. सायलीचे ते 'न्हाई' पहिल्याच महिन्यात आले असते, तर मॅडम आज इथे असत्या.