समोरचा सिग्नल

आमचे हे, तामोत्सू, चौतीस वर्षं खोऱ्यातली एका डब्याची डिझेलगाडी चालवत होते. लाइन बंद पडली तेव्हा गाडी कावासे स्टेशनातच राहिली आणि स्टेशनाचं छोटंसं संग्रहालय झालं. आता हे ब्याऐंशीचे आहेत आणि मोटार सोडायला तयार नाहीत. गेल्या महिन्यात शेजारच्या मियाशितांचं फाटक पाडलं आणि वर दोष दिला फाटकालाच. परवाना परत करून टाका म्हणून मी सहा महिने कानीकपाळी ओरडतेय. "बघू" यापलीकडे उत्तर नाही. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि लग्न झाल्यापासून दुसरा पाहायला सवडही मिळाली नाही.

रविवारी संग्रहालयात गेलो तेही मोटारीनेच. वाटभर मी जीव मुठीत धरून बसले होते. तिथलं सगळं सांभाळणाऱ्या हातानोबाईंनी ह्यांना पाहताच जुन्या डिझेलगाडीचं दार उघडलं.

"बसा काका, तुमचीच गाडी आहे."

"काचा कोण पुसतं?"

"मीच."

"कोपरे राहतात," हे म्हणाले. आभार मानायची ही ह्यांची तऱ्हा.

चालकाच्या जागेवर बसले आणि पाठ ताठ झाली. मला एकदम तिशीतले तामोत्सू दिसले. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. चालकाने सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने पुकारायचा असतो, नजर चुकू नये म्हणून. हे तर घरी गॅससुद्धा असाच पुकारून बंद करतात. त्यांनी हात समोर रोखला.

"सुटण्याचा सिग्नल, हिरवा!"

सिग्नल लाल होता. तो आता कायम लालच असतो, कारण त्याच्यापुढे रूळच नाहीत.

हातानोबाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो काका, तो दिवा जरा बिघडलाय..."

सहा महिने मी अशाच संधीची वाट बघत होते. "बघा!" म्हणायला जीभ शिवशिवली, पण तोंड उघडेना. ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"किनुए, कोणता आहे?"

"लाल."

त्यांनी पुन्हा सिग्नलकडे पाहिलं.

"दिसतोय गं मला. पण मी बघितलंच नाही. नुसतं म्हटलं."

"होतं असं. इतक्या वर्षांची सवय."

"माझं होऊन चालायचं नाही." त्यांनी पुन्हा बोट रोखलं. "सुटण्याचा सिग्नल, लाल! थांबा!" ब्रेकचा दांडा त्यांनी शेवटपर्यंत ओढला, खाली उतरले आणि मोटारीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"मी काय करू हिचं? मला कुठे चालवता येते?"

"म्हणूनच दिली."

मोटार तिथेच ठेवून आम्ही बस धरली. मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं. ह्यांना मी खिडकीपाशी बसवलं. बस जुन्या लाइनीच्या कडेकडेने निघाली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हे चहाचे मळे कधी लावले?"

"आपल्या लग्नाच्या आधीपासून आहेत, अहो."

"हो? मी रोज इथूनच जायचो की." मग म्हणाले, "समोर बघत."

"आणि ते देऊळ? ते कौलारू घर कुणाचं?" ते विचारू लागले.

मी एकेक सांगत गेले. आमचा थांबा आला. मी उतरायची घंटी दाबायला हात वर केला, तर ह्यांनी तो धरून हळूच खाली घेतला.

"थोडं पुढपर्यंत जाऊ या ना गं," ते म्हणाले.