अर्धाच वाढ

मी डाव बोलतोय. पत्त्यांचा नाही, आणि कुणावर उलटणारा तर मुळीच नाही. भात वाढायचा, लांब दांड्याचा, स्टीलचा साधा डाव. आधीच सांगून टाकतो, सध्या माझा जळफळाट चालू आहे. कारण कळलं की तुम्हीही माझ्याच बाजूने बोलाल.

एका छोट्या कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर घाव बसला आणि मी खोलगट झालो. दोन खिळे ठोकून मला दांडा जोडला. एवढंच माझं बालपण. मग दुकानात आईने मला उचललं, हवेतच एकदा वाढून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. घरात सगळे तिला आईच म्हणतात, बाबासुद्धा. म्हणून मीही.

आई डावखुरी. "डाव डाव्या हातातच शोभतो," हा बाबांचा विनोद. तो त्यांनी इतक्यांदा केलाय की आता त्याला फक्त तेच हसतात. रोज एकाच अंगाने पातेल्याचा तळ खरवडून माझी एक कड झिजली. दुसऱ्या कुणी धरलं तर मी वाकडा वाटतो. वाटू दे. मी तिच्या हाताचा आहे.

या घरात वाढण्याची वेगळी भाषा आहे. "अर्धाच वाढ" म्हणजे पूर्ण डाव. "नको" म्हणजे अर्धा. आणि ताटावर आडवा हात धरला, तर बोटांच्या फटीतून जाईल तेवढा. दादा आणि त्याची धाकटी बहीण याच भाषेत लहानाचे मोठे झाले. ताटात वाढणं आणि अंगाने वाढणं याला आपल्याकडे एकच शब्द आहे, तो उगाच नाही.

मग लेक शिकायला दूर गेली आणि परत आली ती धावत. खरंच धावत. वसतिगृहात कुणाच्या तरी नादाने तिने लांब पल्ल्याचं धावणं सुरू केलं होतं, आणि आता तिला बेचाळीस किलोमीटरची शर्यत पुरी करायची होती. तिच्या पिशवीतून बूट निघाले, बाटल्या निघाल्या आणि शेवटी तो निघाला. वजनकाटा. चपटा, गुळगुळीत, पोटात दिवा असलेला. त्याला धरायला दांडा नाही, खोली नाही, तळ खरवडायची ताकद नाही. नुसता ओट्यावर पडून असतो आणि आकडे दाखवतो. लेक मात्र त्याच्याकडे असं वाकून बघायची, जसं मी कधी कुणाला माझ्याकडे बघताना पाहिलं नाही.

ती आपले बटाटे वेगळे उकडायची, डाळ वेगळी शिजवायची, सगळं त्याच्यावर मोजायची. एका ओट्यावर दोन चुली झाल्या. दादा तिला ससूबाई म्हणू लागला.

"ससूबाई, आज किती पानं खाल्लीत?"

"तू जिना चढून दाखव आधी, मग बोल."

आई ऐकून घ्यायची. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसून दिवसभर लोकांचं ऐकायची सवय तिला. पण पातेल्यात ती मला जरा जास्तच जोरात आपटायची.

शेवटी तह झाला. रात्रीचं जेवण लेक सगळ्यांबरोबर, घरचंच जेवणार. पहिल्याच रात्री ती म्हणाली, "अर्धाच वाढ." आईने पूर्ण वाढला. लेकीने ताट उचललं आणि सरळ त्या चपट्यावर ठेवलं.

"आई, अर्धा म्हणजे अर्धा. मी सगळं मोजून ठरवते गं. असं केलंस तर माझा हिशेबच राहत नाही."

आईचा हात थांबला. दांड्यातून मला कळलं. त्या दिवसापासून तिने मला अर्धा भरून, कडेला निथळून, तंतोतंत अर्धा वाढायला शिकवलं. एवढी वर्षं सढळ हाताने वाढणारी बाई हात राखून वाढू लागली. मला त्या काट्याचा इतका राग कधी आला नव्हता.

शर्यत जवळ आली तशी लेक सुकत चालली. सरावातल्या सगळ्यात लांब धावेच्या आदल्या रात्री ती ताटावर बसली आणि पातेल्याकडे बघत हळूच म्हणाली, "अर्धाच वाढ."

आईने अर्धाच वाढला. लेक क्षणभर ताटाकडे बघत राहिली. मग जेवली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तिला तिच्या प्रशिक्षक मॅडम गाडीतून घरी घेऊन आल्या. वाटेत ती फुटपाथवर बसली होती आणि उठू शकली नव्हती. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर तिचे पाय थरथरत होते. आईने काट्याकडे बोट दाखवलं. "याच्यामुळे झालं हे." माझ्या मनातलं बोलली.

"मोजणं चुकीचं नाही," मॅडम म्हणाल्या. "मोजून इतकं कमी का खाते, ते हिला विचारा. एवढं धावणाऱ्या मुलीला दुप्पट भात लागतो. घरचाच चालतो."

"काल मी मागितला होता," लेक म्हणाली.

"अर्धाच म्हणालीस," आई म्हणाली. "अर्धाच वाढला."

"घरातला अर्धा म्हणाले होते गं."

बाबा खिडकीकडे बघत चष्मा पुसत राहिले. आईने पातेलं चुलीवर चढवलं.

भात झाल्यावर लेकच म्हणाली, "थांब. घरातला अर्धा म्हणजे किती, ते एकदा कळू दे." तिने काटा मध्ये ओढला. मी आईच्या हातात आणि तो ताटाखाली, असे आम्ही पहिल्यांदाच एका कामाला लागलो. बाबांचा अर्धा वाढला, आकडा आला. दादाचा अर्धा, आकडा जवळजवळ तोच. मग लेकीचा. आकडा चढतच गेला.

लेकीने पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच.

"आई, तू डावं-उजवं करतेस."

दादा ओरडला, "म्हणजे इतकी वर्षं मी उपाशी होतो?"

"धावणार कोण आहे?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "तेव्हा धावत नव्हती. पण माझा हातच तसा पडायचा."

लेक त्या आकड्याकडे बघत राहिली, डोळे भरून. मग ताट ओढलं आणि सगळं जेवली. आणखी मागितलं. महिन्याभराने शर्यतही तिने पुरी केली. शेवटून पाचवी आली, पण पायांवर आली.

आता सांगा, जळू नको तर काय करू? आईच्या हातातलं हे वजन जन्मभर मी वाहिलं. लेकीच्या वाटणीला माझ्या पोटात चार शितं जास्त पडतात, हे फक्त मला ठाऊक होतं. मला ते कधी सांगता आलं नाही. आणि या चपट्याने परवा येऊन, एका आकड्यात सांगून टाकलं.

हल्ली आम्हाला ओट्यावर शेजारी शेजारी ठेवतात. वाचकहो, तुमच्या घरीही कुणी मोजून जेवत असेल तर खुशाल जेवू द्या, पण एकदा त्याला विचारा, कुठला अर्धा? आणि आमच्या आईला माझा एवढा निरोप द्या. मला खिळ्याला टांगा, उन्हात टाका, पण त्याच्या शेजारी नको. तो रात्रभर दिवा लावून माझ्याकडे बघतो. मला वाटतं, त्याला दांडा हवा आहे.